विजोड जू कोणतं? सोबती निवडण्याचा प्रश्न आणि दोन खंडांचा इतिहास



गेल्या वर्षी आमच्या वस्तीत एक अभ्यासिका सुरू होणार होती. ती सुरू झाली नाही. का झाली नाही, हे शोधता शोधता मी इतिहासात बराच मागे गेलो. त्यातून हा लेख निघाला आहे.

वस्तीला लागूनच एक चर्च आहे. तिथली मंडळी बहुतेक आपल्यातलीच, तीन-चार पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली. आडनावं तीच, पाण्याच्या नळावरची भांडणंही तीच. चर्चच्या आवारातला एक हॉल संध्याकाळी रिकामा असतो. आमच्या मंडळात गणित आणि इंग्रजी शिकवू शकतील अशी चार मुलं-मुली आहेत. दहावीच्या मुलींना दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला कोपरा मिळत नाही. हॉल त्यांचा, शिकवणारे आमचे, मुली दोघांच्याही. यात अडचण यायचं काही कारण नव्हतं.

तरी अडचण आली, आणि ती दोन्हीकडून आली. त्यांच्या कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी बायबल उघडून दाखवलं. विश्वास न ठेवणाऱ्यांसोबत एका जुवाखाली जायचं नाही, असा पौलाचा आदेश आहे म्हणाले. आमच्याकडच्या एका ज्येष्ठांनी लगेच परतफेड केली: "आज पोरी चर्चच्या हॉलमध्ये बसतील, उद्या चर्चमध्ये बसतील. आपल्याला बावीस प्रतिज्ञा आहेत." दोन बैठका झाल्या, चहा झाला, विषय संपला. हॉल अजून संध्याकाळी रिकामाच असतो.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. दोन्ही वडीलधारी माणसं चांगली. दोघांनीही आपापल्या धर्माचा आधार घेतला. मग सोबती निवडताना नेमकं काय तपासायचं असतं? माणसाचा विश्वास, की त्याची वागणूक? ख्रिस्ती जगात या प्रश्नावर दोन हजार वर्षं भांडण चाललं आहे. त्या भांडणाचा एक धागा थेट अहमदनगरला आणि पुण्याला येऊन पोचतो. म्हणून ते आपणही समजून घेतलं पाहिजे.

करिंथमध्ये काय सांगितलं होतं?

पौलाची ती ओळ करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं शहर. इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात तिथे ख्रिस्ती लोकांची छोटीशी मंडळी होती. त्यात काही व्यापारी, काही कारागीर, काही गुलाम. आजूबाजूचं सगळं शहर वेगवेगळ्या देवांचं.

जुवाची उपमा पौलाची स्वतःची नाही. ती ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रातून आली आहे. बैल आणि गाढव एकत्र नांगराला जुंपू नयेत, असा तिथे नियम आहे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला त्याचं कारण सांगावं लागत नाही. दोघांची उंची वेगळी, चाल वेगळी. जू तिरकं होतं, एकाची मान सोलवटते आणि तास वाकडं जातं. मुळात हा जनावरांवरच्या दयेचा आणि शेतीच्या शहाणपणाचा नियम वाटतो.

पण याच पौलाने याच करिंथकरांना पहिल्या पत्रात काय लिहिलं, ते सहसा वाचून दाखवलं जात नाही. तिथे तो म्हणतो की वाईट माणसांशी संबंध ठेवू नका असं मी म्हणालो ते बाहेरच्या जगाबद्दल नाही, नाहीतर तुम्हाला हे जगच सोडावं लागेल. नवरा किंवा बायको वेगळ्या विश्वासाची असेल आणि एकत्र राहायला तयार असेल, तर सोडचिठ्ठी देऊ नका, असंही सांगतो. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर जा आणि वाढतील ते जेवा, इथपर्यंत त्याची मोकळीक आहे.

म्हणजे एकाच माणसाच्या सल्ल्यात दोन बाजू आहेत: एकीकडे वेगळं राहा, दुसरीकडे शेजारी राहा, जेवा, संसार करा. पुढच्या लोकांनी यातली कोणती बाजू उचलली, त्यावर पुढचा इतिहास घडला. आणि हेही सांगून टाकतो की पौलाने गुलामगिरी मोडा असं कुठेही सांगितलं नाही. ती उणीव पुढे फार महागात पडली.

एल्व्हिराची बेटीबंदी

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, इसवी सन ३०५ च्या आसपास, स्पेनमध्ये एल्व्हिरा इथे बिशपांची परिषद भरली. हे ठिकाण आजच्या ग्रानाडा शहराजवळ येतं. या परिषदेच्या नावावर ८१ नियम आहेत. ते वाचताना आपल्यातल्या माणसाला ओळखीचा वास येतो.

पंधरावा नियम म्हणतो, ख्रिस्ती मुलींची संख्या जास्त असली तरी त्या मूर्तिपूजकांना देऊ नका. सोळावा म्हणतो, ज्यूंना आणि पाखंड्यांना देऊ नका. दिली तर आईबापांना पाच वर्षं चर्चच्या पंगतीतून बाहेर. सतराव्यात आणखी कडक शिक्षा आहे. मूर्तिपूजकांच्या पुजाऱ्याला मुलगी दिली, तर त्या आईबापांना मरतानाही प्रभुभोजन मिळणार नाही. पन्नासावा नियम ज्यूंसोबत जेवायला मनाई करतो. रोटीबंदी आणि बेटीबंदी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. फक्त ती इथे दुसऱ्या धर्माच्या नावाने आली आहे.

आता याच परिषदेचा पाचवा नियम ऐका. एखाद्या मालकिणीने रागाच्या भरात आपल्या दासीला इतकं मारलं की ती तीन दिवसांत मेली, तर काय करायचं? जाणूनबुजून मारलं असेल तर सात वर्षं प्रायश्चित्त. चुकून झालं असेल तर पाच वर्षं. त्यानंतर बाई परत मंडळीत.

हे दोन नियम शेजारी ठेवून पाहा. वेगळ्या देवाच्या पुजाऱ्याला मुलगी दिली तर मरेपर्यंत क्षमा नाही. दासीला ठार मारलं तर सात वर्षांत क्षमा. कुणाचा विश्वास कोणता, हे पाप मोजण्याचं मुख्य माप झालं की काय होतं, ते या एका पानात दिसतं. माणसाचा जीव त्या मापात बसत नाही. मनुस्मृती वाचलेल्यांना ही तऱ्हा नवी नाही. तिथेही अपराधाचं वजन माणसाच्या जन्मावरून ठरतं, कृत्यावरून नाही.

एकाच विश्वासाचं जू

इथून आपण एकदम दीड हजार वर्षं पुढे, अमेरिकेत जाऊ. कारण या ओळीची खरी परीक्षा तिथे झाली.

फ्रेडरिक डग्लस हे नाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला, १८३८ मध्ये पळून स्वतंत्र झाला आणि पुढे काळ्या अमेरिकेचा सर्वांत मोठा आवाज बनला. १८४५ मध्ये त्याने आपलं आत्मकथन छापलं. त्यात त्याच्या मालकाची, थॉमस ऑल्डची एक हकीकत आहे. १८३२ च्या ऑगस्टमध्ये ऑल्ड मेथॉडिस्ट पंथाच्या मेळाव्यात गेला आणि तिथे त्याला धर्माचा साक्षात्कार झाला. डग्लसला वाटलं, आता हा गुलामांना सोडेल, निदान दयेने वागवेल. झालं उलटंच. ऑल्ड सकाळ-संध्याकाळ प्रार्थना करू लागला आणि आधीपेक्षा क्रूर झाला. हात भाजून अधू झालेल्या एका तरुण गुलाम मुलीला तो बांधून चाबकाने फोडायचा आणि त्या वेळी बायबलातलं वचन म्हणायचा. गुलामांना वाचायला शिकवणारी एक रविवारची शाळा सुरू झाली होती. ती त्याच पंथातल्या पुढाऱ्यांनी लाठ्या घेऊन येऊन उधळली.

आता सांगा, विजोड जू कोणतं? ऑल्ड आणि त्या गुलाम मुलीचा देव एकच होता आणि धर्मग्रंथही एकच. शास्त्राप्रमाणे हे जू अगदी सारखं होतं. मान मात्र एकाचीच सोलवटत होती.

त्या काळच्या मोठमोठ्या चर्चना हे दिसत नव्हतं असं नाही. १८४४ मध्ये मेथॉडिस्ट चर्चमध्ये वाद पेटला, कारण एक बिशप गुलामांचा मालक होता. चर्च दुभंगलं आणि दक्षिणेकडच्यांनी वेगळी चूल मांडली. १८४५ मध्ये बॅप्टिस्टांचंही तेच झालं. गुलाम बाळगणारा माणूस मिशनरी होऊ शकतो का, हा त्यांचा वाद होता. होऊ शकतो म्हणणाऱ्यांनी जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन केलं. गुलामगिरीतल्या सहभागाबद्दल या संस्थेने जाहीर माफी मागितली ती १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी.

अहमदनगरचा धागा

१८१० मध्ये अमेरिकेत अमेरिकन बोर्ड नावाची परदेशी मिशनची संस्था निघाली. तिचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला पोचले. आपण जिला अमेरिकन मराठी मिशन म्हणतो, ती याच बोर्डाची. अहमदनगर जिल्ह्यातल्या महार-मांग समाजातल्या हजारो घरांचा इतिहास तिच्याशी बांधलेला आहे.

हेच बोर्ड अमेरिकेतल्या चोक्टॉ आणि चेरोकी या मूळनिवासी लोकांमध्येही काम करत होतं. त्या लोकांतल्या काही श्रीमंतांकडे काळे गुलाम होते, आणि असे मालक बोर्डाच्या चर्चचे सभासद होते. गुलामगिरीविरोधी लोकांनी मागणी केली की त्यांना सभासदत्व देऊ नका. १८४५ मध्ये बोर्डाने ठरवलं की केवळ गुलाम बाळगतो म्हणून कुणाला चर्चबाहेर ठेवता येणार नाही.

बघा गंमत. अहमदनगरला याच मिशनकडे येणाऱ्याला जात सोडावी लागत असे. तिकडे गुलामाच्या मालकाला काहीच सोडावं लागत नव्हतं.

यावर अमेरिकेतल्याच काही ख्रिस्ती लोकांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी पौलाची तीच ओळ आणि तिच्या पुढची, त्यांच्यातून बाहेर निघा असं सांगणारी ओळ उचलली आणि तिचा रोख उलटा फिरवला. ते म्हणाले, विजोड जू म्हणजे वेगळ्या देवाच्या माणसाशी सोबत नव्हे. विजोड जू म्हणजे माणसं विकणाऱ्याशी सोबत, मग तो कितीही प्रार्थना करो. हजारो लोक आपापल्या चर्चमधून बाहेर पडले. लोक त्यांना "बाहेर पडणारे" याच नावाने ओळखू लागले. ३ सप्टेंबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात त्यांच्यातल्या काहींनी अमेरिकन मिशनरी असोसिएशन स्थापन केली. गुलामांच्या मालकाला सभासदत्व नाही, हा तिचा नियम होता. यादवी युद्धानंतर याच संस्थेने मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी शाळा-कॉलेजं काढली. त्यातलंच एक फिस्क. तिथे डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस शिकले. याच डु बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. बंडखोरांची एक फळी उभी राहिली की ती किती लांब जाते, ते यातून दिसतं.

बाहेर पडणाऱ्यांच्याही भिंती

पण इथे थांबलो तर इतिहास अर्धाच सांगितल्यासारखं होईल. या बाहेर पडणाऱ्यांमध्येही भिंती होत्या. नव्या असोसिएशनने गुलामांच्या मालकाला दार बंद केलं, पण त्याचबरोबर ठरावीक धर्ममत मानणाऱ्यालाच सभासदत्व, हाही नियम ठेवला.

त्याआधी १८३३ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली होती. तिच्यात क्वेकर होते, युनिटेरियन होते, कट्टर इव्हँजेलिकल होते, काळे आणि गोरे दोन्ही होते. १८४० मध्ये ती फुटली. निमित्त काय? ॲबी केली नावाच्या एका स्त्रीची समितीवर निवड झाली. गॅरिसन या पुढाऱ्याची धर्ममतं पाखंडी आहेत, ही कुरकुर आधीपासून होतीच. लुईस टॅपन आणि त्यांचे सोबती सभा सोडून गेले आणि त्यांनी वेगळी संस्था काढली. हेच टॅपन ॲमिस्टॅड जहाजावरच्या आफ्रिकी बंद्यांना सोडवण्यासाठी झटले होते, आणि १८४६ च्या असोसिएशनमध्येही तेच पुढे होते. एवढा मोठा माणूस, पण शेजारच्या खुर्चीवर बाई बसली हे त्यांना चाललं नाही.

आणि दुसऱ्या टोकाला गॅरिसन. गुलामांच्या मालकांशी कसलंही ऐक्य नको, उत्तरेने दक्षिणेपासून फुटून निघावं, असं ते म्हणू लागले. डग्लस वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत होता, पण १८५१ च्या सुमारास तो वेगळा झाला. त्याचा सवाल साधा होता. आपण हात स्वच्छ धुऊन बाहेर पडलो, तर आत अडकलेल्या लाखो गुलामांना कुणाच्या हवाली केलं? पुढे १८५५ मध्ये एका भाषणात त्याने आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा की चांगल्या कामासाठी मी कुणाशीही हात मिळवीन आणि वाईट कामासाठी कुणाशीही नाही.

मित्रांनो, ही भूमिका मला या सगळ्या वादाचं सार वाटते. ती सोबत्याचा देव विचारत नाही. स्वतःचं सोवळं सांभाळायचीही मुभा देत नाही.

पुण्यातली शाळा आणि परत न गेलेले पैसे

आता स्कॉटलंड आणि पुणे. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड वेगळं झालं. नव्या चर्चला पैसा हवा होता. अमेरिकेच्या दक्षिणेतून, म्हणजे गुलामांच्या मालकांकडूनही, सुमारे ३,००० पौंड आले. १८४६ मध्ये डग्लस स्कॉटलंडच्या शहराशहरांत फिरला. पैसे परत पाठवा, हीच त्याची मागणी. सभा भरभरून झाल्या. पण चर्चचे पुढारी थॉमस चाल्मर्स आणि त्यांचे सहकारी म्हणाले की गुलामगिरी वाईट असली तरी प्रत्येक गुलाम-मालक वाईट ख्रिस्ती ठरत नाही. पैसे परत गेले नाहीत.

भारतातले स्कॉटिश मिशनरी १८४३ मध्ये याच फ्री चर्चसोबत गेले होते. आणि त्या वेळी पुण्यातल्या त्यांच्या शाळेत जोतीराव फुले नावाचा एक माळ्याचा मुलगा शिकत होता. १८४१ ते १८४७ हा त्याचा तिथला काळ.

मग आपण काय म्हणायचं? ज्या चर्चने चाबकाचा पैसा ठेवून घेतला, त्याच्या शाळेत शिकून जोतीराव बाटले? हा प्रश्न मुद्दाम विचारतोय, कारण आज आपल्यात असे प्रश्न विचारणारे भरपूर आहेत. अमुक संस्थेने कुणाचा निधी घेतला, तमुकाच्या व्यासपीठावर कोण बसलं होतं, बस, यादीतून नाव कट.

जोतीरावांनी काय केलं ते पाहा. त्यांनी मिशनऱ्यांकडून इंग्रजी घेतली, शाळा चालवण्याची पद्धत घेतली. अहमदनगरला सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. त्याच काळात त्यांनी थॉमस पेन वाचला, जो बायबलावर सडकून टीका करणारा माणूस. त्यांचे शाळेपासूनचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे ब्राह्मण होते. म्हणजे मिशनरी, नास्तिकतेचा शिक्का बसलेला लेखक आणि ब्राह्मण मित्र, हे सगळे एका माणसाच्या कामात सामील. जोतीराव प्रत्येकाला एकच विचारत होते: शूद्र-अतिशूद्रांच्या आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी तू काय करतोस?

१८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्यांना दास्यातून मुक्त करण्यासाठी स्वतःला झोकून दिलं. जोतीरावांनी त्या अमेरिकनांचा पंथ तपासला नाही, काम पाहिलं. त्याच देशात थॉमस ऑल्डही होता. ऑल्डचा देश म्हणून त्यांनी अमेरिकेवर काट मारली नाही. ऑल्डशी लढणाऱ्यांना ओळखून हात जोडले.

आणि मिश्र कुटुंबाचं काय? एल्व्हिराच्या बिशपांना जोतीरावांनी जणू उत्तरच दिलं आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' मध्ये ते एका घराचं चित्र काढतात. बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सार्वजनिक सत्यधर्मी होतो. सगळे एका छपराखाली प्रेमाने राहतात आणि कुणी कुणाच्या धर्माचा द्वेष करत नाही. आज लग्नाच्या अर्जावर धर्म पाहून जमाव गोळा करणारे लोक आपल्या राज्यात फिरताहेत. त्यांना हे पान वाचून दाखवा.

इथल्या चर्चचाही हिशेब

कुणी म्हणेल, अमेरिकेच्या चर्चवर बोललात, इथल्यांचं काय? इथलाही हिशेब आहेच. दक्षिणेत तंजावरकडच्या चर्चमध्ये वेल्लाळ ख्रिस्ती आणि अस्पृश्य ख्रिस्ती वेगवेगळे बसत. प्रभुभोजनाचा प्याला आधी कुणाच्या ओठाला लागायचा, यावर वाद होत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हुकूम काढला की चर्चमध्ये जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद. तेव्हा अनेक वेल्लाळांनी चर्च सोडलं, जात सोडली नाही. एकच देव, एकच प्याला, तरी शेजार नको! बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर लिहिताना नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं. धर्म बदलला, पण जात चर्चच्या दारातून आत गेली. मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मणांच्या मागे धावण्यात वेळ घालवला, हीही त्यांची तक्रार होती.

म्हणजे विश्वास एक असल्याने जू सारखं होत नाही. अमेरिकेत झालं नाही, तंजावरला झालं नाही.

महाडला बाबासाहेबांनी काय तपासलं?

१९२७ साल. डिसेंबरच्या महाड सत्याग्रहाआधी ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. अट एकच, सत्याग्रहात ब्राह्मण नकोत. ताकद मोठी होती, माणसं मिळणार होती. बाबासाहेबांनी अट नाकारली. 'बहिष्कृत भारत' मधून त्यांनी भूमिका स्पष्ट केली की आपलं भांडण ब्राह्मण माणसाशी नाही, ब्राह्मण्याशी आहे. उच्चनीचपणा मानणारा ब्राह्मणेतर आपल्याला परका, आणि तो टाकून दिलेला ब्राह्मण आपल्याला जवळचा.

ही केवळ छापील भूमिका नव्हती. परिषदेसाठी जागा मिळेना तेव्हा एका मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ सहकारी पुढे होते. मनुस्मृतीचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. २५ डिसेंबरला जे पुस्तक जळलं, ते या मिश्र हातांनी जाळलं. अकरा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, कामगारांच्या संपात बाबासाहेब कम्युनिस्टांसोबत उभे राहिले. त्यांच्याशी मतभेद तेव्हाही होते, पुढेही राहिले.

म्हणून बाबासाहेबांनी कुणाशीही कसंही जमवून घेतलं, असा अर्थ काढू नका. ज्या धर्मात माणूस म्हणून जागा नाही, त्यातून बाहेर पडायची घोषणा त्यांनी १९३५ मध्ये येवल्यात केली. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते बाहेर पडले, तेही एकटे नाही, लाखोंना सोबत घेऊन. आत राहिलेल्यांचं काय, या डग्लसच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. जू फेकायचं ते माणसाला खाली दाबणारं. शेजाऱ्याचा देव वेगळा आहे म्हणून नाही.

मग आपण काय तपासायचं?

माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, हा माणूस किंवा ही संस्था स्वतःपेक्षा दुबळ्या माणसाशी कशी वागते? तिच्या घरात मोलकरणीला कप वेगळा आहे का? तिच्या कार्यालयात बाई फक्त स्वागताला उभी असते का? प्रार्थना आणि घोषणा नंतर पाहू.

दुसरी, या कामात माझं तोंड बांधलं जाणार आहे का? जोतीराव मिशनऱ्यांसोबत असताना पेन वाचू शकत होते, बाप्तिस्मा नाकारू शकत होते. सोबत खरी असेल तर मतभेद बोलता येतात. बोलता येत नसतील तर ते जू आहे, उतरवा.

तिसरी, आणि ही आपल्यासाठी आहे. हीच चाचणी आपल्या मंडळाला लावली तर आपण पास होतो का? निळा झेंडा हातात धरून पोटजात पाहून सोयरीक करणारे आपल्यात आहेत की नाहीत? घरात बायकोवर हात उचलून व्यासपीठावर समता सांगणारे आहेत की नाहीत? एकाच प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या जुवाखालीही मान सोलवटू शकते. थॉमस ऑल्ड फक्त मेरीलँडमध्ये नसतो.

आमच्या ज्येष्ठांनी बावीस प्रतिज्ञांचा हवाला दिला होता. मी त्या पुन्हा काढून वाचल्या. कुठल्या देवाला भजायचं नाही ते त्यात आहे, श्राद्धपक्ष नाही ते आहे. सर्व माणसं समान मानीन आणि समता आणण्यासाठी झटेन, हेही आहे. वेगळ्या विश्वासाच्या शेजाऱ्यासोबत मुलींना शिकवू नका, असं कुठेही नाही. त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या बायबलातही पहिल्या पत्रातली ती मोकळीक आहेच.

पुढच्या रविवारी चर्चची प्रार्थना सुटल्यावर मी त्यांच्याकडे जाणार आहे. आमच्या ज्येष्ठांनाही सोबत नेणार आहे, त्यांनी होकार दिला आहे. दोघांसमोर एकच प्रश्न ठेवीन: मार्चमध्ये मुलींची परीक्षा आहे, हॉल उघडायचा की नाही?

जय जोती, जय भीम!